हौशी खेळाडू आणि पुण्याचें मैदान

मराठींत ‘हौस’ हा शब्द मोठा गोड आहे. हौसेला मोल नाहीं, अशी म्हणच आहे. ज्याला एखाद्या गोष्टीचा मनापासून नाद आहे आणि त्या नादापासून ज्याला पैशाची अपेक्षा नाहीं, तो हौशी. गांवोगांवच्या हौशी नाटकमंडळ्या याच शब्दानें ओळखल्या जातात. इंग्रजींतील ‘अ‍ॅमॅच्युअर’ हा शब्दही मुळांत याच अर्थाचा. ‘प्रेम करणें’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून तो फ्रेंच भाषेच्या द्वारें इंग्रजींत आला. परंतु शब्दांनाही दैव असतें. जो शब्द मुळांत प्रेमाचा होता, तो इंग्लंडच्या क्रीडांगणावर येतांच दर्जाचा झाला. ज्याला पोटासाठीं खेळावें लागत नाहीं, तो अ‍ॅमॅच्युअर. ज्याला मेहनताना घ्यावा लागतो, तो नुसता ‘खेळाडू’, अशी तेथें वाटणी झाली. १८०६ सालीं लॉर्ड्‌सच्या मैदानावर ‘जंटलमेन विरुद्ध प्लेअर्स’ असा पहिला सामना झाला आणि ही प्रथा १९६२ सालापर्यंत टिकून राहिली. दोन्ही वर्गांचे खेळाडू एकाच संघांतून खेळत; परंतु कपडे बदलण्याच्या खोल्या वेगळ्या आणि मैदानावर उतरण्याचीं दारेंही पुष्कळ ठिकाणीं वेगळीं. छापील धांवपत्रकांतसुद्धां हौशी गृहस्थाचीं आद्याक्षरें आडनांवाच्या आधीं मानानें विराजमान होत, आणि पगारी खेळाडूचीं आद्याक्षरें आडनांवाच्या मागून येत.

गोल्फच्या खेळांत हा भेद अधिकच कडक होता. ज्या क्लबाच्या हिरवळीवर धंदेवाईक खेळाडू आपलें कसब दाखवी, त्याच क्लबाच्या दिवाणखान्यांत त्याला मज्जाव असे. १९२० सालीं अमेरिकेंतील टोलेडो शहरच्या इनव्हर्नेस क्लबानें राष्ट्रीय खुल्या सामन्यांच्या वेळीं धंदेवाईकांना आपलीं दारें मोकळीं केलीं. ती गोष्ट खेळाडूंना इतकी अपूर्व वाटली कीं, त्यांनीं त्या क्लबाला एक मोठें उभें घड्याळ कृतज्ञतेनें भेट दिलें. हौशीपणाची उज्ज्वल बाजूही याच खेळानें दाखविली आहे. अमेरिकेच्या बॉबी जोन्स यानें १९३० सालीं ब्रिटन व अमेरिका या दोन्ही देशांतील खुलीं आणि हौशी अशीं चारही अजिंक्यपदें एका वर्षांत मिळविलीं आणि वयाच्या अवघ्या २८ व्या वर्षीं मोठ्या स्पर्धांचा निरोप घेतला. हौसेनें खेळावयाचें आणि हौस फिटली कीं मानानें बाजूस व्हावयाचें, हा त्याचा बाणा होता.

हिंदुस्थानांत गोल्फ फार लवकर आला. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ सालीं स्थापन झाला. ब्रिटिश बेटांच्या बाहेर त्याहून जुना क्लब नाहीं. मुंबईचा क्लब १८४२ सालचा. परंतु या खेळाला विस्तीर्ण कुरण लागतें, निरनिराळ्या घडणीच्या काठ्या लागतात आणि त्यांची पिशवी वाहण्यास पोऱ्या लागतो. त्यामुळें तो दीर्घकाल छावण्यांत आणि क्लबांतच राहिला. पोऱ्यानें खेळ डोळ्यांनीं शिकावा, साहेबाचा चेंडू शोधून द्यावा आणि कुरण मोकळें असेल तेव्हां मोडक्या काठीनें आपली हौस भागवावी, असा तेथील रिवाज होता. पुढें १९६५ सालीं बिलू सेठी या हौशी खेळाडूनें इंडियन ओपन ही स्पर्धा जिंकली. त्यानंतर तें पद पुन्हां भारतीय माणसाच्या हातीं येण्यास १९९१ साल उजाडावें लागलें. आणि तें आणणारा अली शेर हा पिशव्या वाहणाऱ्यांच्या वर्गांतून वर आलेला होता. हौस ही कोणा एका वर्गाची मालमत्ता नव्हे, ही गोष्ट सिद्ध होण्यास गोल्फच्या मैदानावर इतका काळ लागला.

महाराष्ट्रांत याच प्रश्नाचा निकाल दुसऱ्या एका इंग्रजी खेळानें, आणि बराच आधीं, लावावयास घेतला. तो खेळ म्हणजे क्रिकेट. क्रिकेटला कुरण लागत नाहीं, मोकळें मैदान पुरतें. आणि बॅट मिळाली नाहीं तर फळीवरही भागतें. मुंबईंत पारशी मंडळींनीं १८४८ सालीं ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला, हिंदूंचा पहिला क्लब १८६६ सालीं निघाला. १८८६ सालीं पारशांचा संघ इंग्लंडला जाऊन आला. १८९२ पासून पारशी व युरोपियन यांचे वार्षिक सामने सुरूं झाले; १९०७ सालीं हिंदु आल्यामुळें ते तिरंगी झाले, १९१२ सालीं मुसलमान आल्यामुळें चौरंगी झाले आणि १९३७ सालीं उरलेल्या समाजांचा संघ मिळून पंचरंगी झाले. या सामन्यांनीं खेळाची गोडी घरोघर पोंचविली हें खरें. परंतु त्याच वेळीं खेळाडूच्या कपाळावर त्याच्या धर्माची चिठ्ठीही चिकटविली. आणि धर्माच्या आंत जात होतीच.

या सर्व गुंतागुंतीचें चित्र पुण्याच्या मैदानावर जितकें स्पष्ट दिसतें, तितकें इतरत्र क्वचितच दिसेल. पुण्यास छावणी होती आणि शहर होतें. छावणींत साहेबांचा जिमखाना; शहरांत शाळा, महाविद्यालयें आणि त्यांतून बाहेर पडणारा सुशिक्षित तरुण वर्ग. या दोहोंच्या मध्यें, दोन्हीकडे ज्याची गरज आणि दोन्हीकडे ज्याला दाराबाहेर ठेवलेलें, असा एक तरुण उभा होता. त्याचें नांव पाळवणकर बाळू.

बाळू यांचा जन्म १८७६ सालीं धारवाड येथें चर्मकार कुटुंबांत झाला. पुण्यांत एका पारशी क्लबांत खेळपट्टी झाडणें आणि रोलर फिरविणें हें त्यांचें पहिलें काम. पगार दरमहा तीन रुपये. पुढें ते युरोपियन जिमखान्यांत आले, तेव्हां पगार चार रुपये झाला. तेथें त्यांना साहेबांना सरावासाठीं चेंडू टाकण्याची संधि मिळाली. डाव्या हाताची ती मंदगति गोलंदाजी लवकरच सर्वांच्या नजरेंत भरली. ग्रेग या नामांकित इंग्रज फलंदाजास त्यांनीं तासन् तास चेंडू टाकले. आणि साहेब बाद झाला म्हणजे तो आठ आणे बक्षीस देई, असें सांगतात. परंतु एवढ्या वर्षांत त्या सरावाच्या जाळ्यांत बाळूंच्या हातीं बॅट म्हणून कोणी दिली नाहीं. चेंडू टाकणें हें श्रमाचें काम, फलंदाजी हा खानदानी षोक, अशी जी विलायती समजूत होती, ती येथील जातिभेदाशीं बरोबर जुळून गेली.

शहरांतील हिंदु क्लबापुढें मोठा पेंच पडला. साहेबांना हरवावयाचें तर बाळू पाहिजेत. आणि बाळूंना घ्यावयाचें तर विटाळ होतो! शेवटीं खेळाची ओढ जिंकली, पण अर्धीच. मैदानावर बाळूंना घेण्यांत आलें. मात्र चहाच्या वेळीं ते बाहेर बसत आणि त्यांचा चहा मातीच्या भांड्यांत वेगळा येई. ज्या चेंडूला त्यांचा हात लागला, तोच चेंडू इतर दहाजण अडवीत व झेलीत. चेंडूनें कोणी बाटलें नाहीं, कपानें मात्र बाटले असते! पुढें ते मुंबईस गेले. १९०६ सालीं हिंदूंनीं युरोपियनांचा पराभव केला, त्यांत बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वांटा होता. १९११ सालीं पतियाळाच्या महाराजांच्या नायकत्वाखालीं हिंदी संघ इंग्लंडला गेला. तो संघ पुष्कळ सामने हरला. पण बाळूंनीं एकट्यानें त्या दौऱ्यांत ११४ बळी घेतले.

त्याच १९११ सालीं मुंबईच्या तिरंगी सामन्यांत हिंदूंच्या बाजूनें एक नवा तरुण उतरला. दिनकर बळवंत देवधर त्यांचें नांव. १४ जानेवारी १८९२ रोजीं पुण्यास त्यांचा जन्म झाला. ते पुढें सर परशुरामभाऊ महाविद्यालयांत संस्कृतचे प्राध्यापक झाले. वर्गांत संस्कृताचें अध्यापन आणि मैदानावर क्रिकेट, हा त्यांचा दुहेरी संसार अनेक वर्षें चालला. क्रिकेटवर त्यांचें पोट नव्हतें; पोट महाविद्यालयावर होतें. विलायती व्याख्येप्रमाणें ते शुद्ध ‘हौशी’ होते. बाळू मात्र त्या व्याख्येंत कधींच बसले नसते. कारण मैदानावर पाऊल टाकण्याचा परवानाच त्यांना पगाराच्या रूपानें मिळाला होता. वास्तविक हौस दोघांचीही सारखीच अस्सल. फरक इतकाच कीं, एकाला समाजानें आंत बोलाविलें आणि दुसऱ्याला आपल्या कर्तबगारीनें दार ठोठवावें लागलें.

या दोन प्रवाहांचा संघर्ष १९२० सालच्या चौरंगी सामन्यांत उघड झाला. हिंदु संघाचे नायक पै आजारी पडले. बाळूंना त्या वेळीं संघांतून वगळण्यांत आलें होतें. तथापि त्यांचे बंधु विठ्ठल आणि शिवराम हे दोघेही त्या घटकेस संघाचे आधारस्तंभ होते. असें असतां निवड समितीनें नायकपद देवधरांना दिलें. देवधर त्या वेळीं अठ्ठावीस वर्षांचे होते आणि त्यांची खरी कीर्ति अजून व्हावयाची होती. विठ्ठल व शिवराम यांनीं संघांतून माघार घेतली आणि आपलें म्हणणें जाहीरपणें मांडलें. अस्पृश्यतानिवारणाची चर्चा देशभर चाललेली असतां क्रिकेटच्या संघांत गुणाला डावलून जन्माला मान दिला जातो, ही बोच त्यांच्या निषेधामागें होती. वर्तमानपत्रांत खळबळ उडाली. शेवटच्या सामन्यासाठीं पै परत आले, बाळूंना उपनायक नेमण्यांत आलें, आणि दोघे बंधु पुन्हां खेळावयास उतरले. त्या सामन्यांत पै कांहीं वेळ मैदानाबाहेर गेले, आणि तेवढा वेळ का होईना, चर्मकाराच्या मुलानें हिंदु संघाचें नेतृत्व केलें.

तीन वर्षांनीं, १९२३ सालीं, विठ्ठल पाळवणकर यांना रीतसर नायकपद मिळालें आणि त्यांच्या हाताखालीं हिंदूंनीं युरोपियनांना हरविलें. जें दार पंचवीस वर्षें अर्धवट किलकिलें होतें, तें अशा रीतीनें उघडलें. विठ्ठल यांनीं १९४८ सालीं ‘माझें क्रीडा-जीवन’ हें आपलें आत्मचरित्र मराठींत प्रसिद्ध केलें. बाळूंनीं १९३२ सालच्या पुणें करारावर सही केली, १९३७ सालीं ते डॉ. आंबेडकरांच्या विरुद्ध निवडणूक लढवून पराभूत झाले, आणि १९५५ सालीं त्यांचें निधन झालें. ज्या पुण्यांत त्यांनीं रोलर फिरविला, त्याच पुण्याच्या नांवाचा करार त्यांच्या सहीनें इतिहासांत गेला, हा योगायोग विचार करण्यासारखा आहे.

देवधरांच्या वांट्यास १९२० सालीं जो मान आला, तो त्यांनीं मागितलेला नव्हता. परंतु तो त्यांच्या जन्माच्या वजनानें आला होता, हें नाकारतां येत नाहीं. यापुढील त्यांचें आयुष्य पाहिलें म्हणजे असें दिसतें कीं, पुढचा प्रत्येक मान त्यांनीं धांवांच्या वजनानें मिळविला. १९२६ सालच्या डिसेंबरांत आर्थर गिलिगन याचा एम. सी. सी. संघ मुंबईस आला. महिन्याच्या आरंभींच सी. के. नायडू यांनीं हिंदु संघातर्फें ११ षट्कारांसह १५३ धांवा कुटून सर्वांचे डोळे दिपविले होते. त्यानंतर अखिल हिंदी संघाच्या सामन्यांत देवधरांनीं १४८ धांवा केल्या. नायडूंचा डाव विजेसारखा, तर देवधरांचा बांधून काढलेल्या घाटासारखा, असें या दोन डावांविषयीं म्हणतां येईल. हिंदी खेळाडू इंग्रजांच्या बरोबरीनें उभे राहूं शकतात, अशी गिलिगनची खात्री पटली. त्याच्या प्रोत्साहनानें १९२८ सालीं क्रिकेटचें नियामक मंडळ स्थापन झालें आणि २५ जून १९३२ रोजीं लॉर्ड्‌सवर हिंदुस्थान आपला पहिला कसोटी सामना खेळला.

परंतु त्या संघांत देवधर नव्हते. ते तेव्हां चाळिशींत होते. तरुणांना संधि द्यावी म्हणून त्यांना वगळण्यांत आलें. ज्यांच्या डावानें कसोटीचें दार उघडण्यास हातभार लावला, त्यांना त्या दारांतून आंत जातां आलें नाहीं. अधिकृत कसोटी सामना ते आयुष्यांत एकही खेळले नाहींत. एखादा लोकप्रियतेसाठीं खेळणारा गृहस्थ येथें रुसून बसला असता, आणि पगारासाठीं खेळणाऱ्यानें दुसरा धंदा पाहिला असता. देवधरांनीं यांपैकीं कांहींच केलें नाहीं. ते आपल्या वर्गावर गेले आणि संध्याकाळीं पुन्हां मैदानावर आले. हौसेची खरी परीक्षा अशाच वेळीं होते.

१९३४ सालीं रणजी करंडकाचे सामने सुरूं झाले. या स्पर्धेचें मोठें महत्त्व हें कीं, तींत संघ धर्मावर बांधलेले नव्हते, प्रांतावर बांधलेले होते. विजय हजारे यांचेंच उदाहरण घ्यावें. १९१५ सालीं सांगलीस जन्मलेले हजारे हे ख्रिस्ती. पंचरंगी सामन्यांत ते हिंदूंच्या विरुद्ध उभे राहत; १९४३ सालीं त्या सामन्यांत आपल्या संघाच्या ३८७ धांवांपैकीं ३०९ धांवा त्यांनीं एकट्यानें केल्या, आणि समोरच्या बाजूस हिंदूंतर्फें विजय मर्चंट यांनीं नाबाद २५० केल्या होत्या. तेच हजारे रणजी सामन्यांत देवधरांच्या महाराष्ट्र संघाचे आधार होते. १९३९-४० च्या मोसमांत पुण्यास बडोद्याविरुद्ध त्यांनीं नाबाद ३१६ धांवा केल्या. तेव्हां त्यांच्या संघाचे नायक संस्कृतचे हे प्राध्यापक होते. जो धर्मानें प्रतिस्पर्धी, तो प्रांतानें सोबती! खेळाचा समाज कोणत्या रेषेनें आखावा, या प्रश्नाचें उत्तर या एका उदाहरणांत आहे.

त्या मोसमांत महाराष्ट्रानें पुण्यास संयुक्त प्रांताचा पराभव करून रणजी करंडक मिळविला आणि पुढच्या वर्षीं मद्रासला मद्रासच्याच मैदानावर हरवून तो राखला. या यशाचें मोल समजण्यास त्या काळची व्यवस्था ध्यानांत घ्यावी लागते. बडोदें, नवानगर, होळकर यांसारख्या संस्थानांच्या संघांना राजाश्रय होता. चांगला खेळाडू दिसला कीं, संस्थानिक त्याला फौजेंत किंवा दरबारांत जागा देत. नायडू असेच इंदूरला गेले आणि हजारेही पुढें बडोद्यास गेले. १९४७ सालीं बडोद्यासाठीं होळकरांविरुद्ध खेळतांना हजारे आणि गुल महंमद यांनीं ५७७ धांवांची भागी केली, ती या आश्रयाचेंच फळ. मुंबईंत गिरण्या, रेल्वे आणि मोठ्या कंपन्या खेळाडूंना नोकऱ्या देत. महाराष्ट्राच्या संघामागें असा राजा नव्हता आणि तशी गिरणीही नव्हती. महाविद्यालयांतील मुलें, मास्तर, कारकून आणि त्यांना मिळवून घेणारे देवधर, हेंच त्याचें भांडवल. पुण्याच्या शाळा-कॉलेजांतून मुलें निवडावयाचीं, त्यांच्यावर विश्वास टाकावयाचा आणि तीं नांवारूपास आलीं कीं कोणीतरी संस्थानिक त्यांना घेऊन जावयाचा. मग पुन्हां नवीं मुलें. या क्रमाला न कंटाळणें हें केवळ हौशी माणसासच शक्य होतें.

नायकाचें वय त्या वेळीं काय होतें, तेंही पाहावें. १९४०-४१ च्या मोसमांत पुण्यास बलाढ्य मुंबईविरुद्ध देवधरांनीं २४६ धांवा केल्या; आयुष्यांतील त्यांची ही सर्वोच्च संख्या, आणि वय पन्नाशीला टेकलेलें. १९४४ सालीं, वयाच्या बावन्नाव्या वर्षीं, नवानगरविरुद्ध एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत त्यांनीं १०५ आणि १४१ अशीं शतकें काढलीं. ज्या वयांत घरोघरचे गृहस्थ काठी आणि गुडघेदुखी यांची चर्चा करतात, त्या वयांत दोन दिवस उन्हांत उभें राहून चोवीस-पंचवीस वर्षांच्या मुलांची गोलंदाजी खेळून काढणें ही साधी गोष्ट नव्हे. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधील त्यांची कारकीर्द १९११ पासून १९४८ पर्यंत पसरली. ८१ सामन्यांत ४५२२ धांवा आणि ९ शतकें हा त्यांचा हिशेब. आंकडा फार मोठा नाहीं. कारण सामनेच थोडे होते. परंतु सदतीस वर्षें हा आंकडा मोठा आहे.

देवधरांची हौस त्यांच्या घरांतही उतरली. त्यांच्या तारा, सुंदर आणि सुमन या तीन कन्यांनीं बॅडमिंटनच्या मैदानावर नांव काढलें आणि १९४० च्या सुमारास देवधर भगिनींचें नांव या खेळांत देशभर गाजलें. ज्या काळीं मुलीनें रॅकेट हातीं धरून चारचौघांत धांवावें ही कल्पनाच पुष्कळांस रुचत नसे, त्या काळीं एका संस्कृत प्राध्यापकाच्या घरांत हें घडलें. ज्याला स्वतःस मैदानाची गोडी आहे, तो आपल्या मुलींना मैदानाबाहेर कसा ठेवील?

खेळावरील प्रेम प्रतिष्ठेपुढें हरलें म्हणजे काय होतें, याचेंही उदाहरण याच पुण्याच्या मैदानावर घडलें आहे. १९४८ सालच्या डिसेंबरांत पूना क्लबाच्या मैदानावर कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर काठेवाडच्या संघाविरुद्ध नाबाद ४४३ धांवांवर खेळत होते. ब्रॅडमनचा ४५२ धांवांचा जागतिक उच्चांक अवघ्या नऊ धांवांवर होता. विश्रांतीच्या वेळीं काठेवाडच्या नायकानें पुढें खेळण्यास नकार दिला. आपल्या संघाविरुद्ध असा उच्चांक नोंदला जावा हें त्याला कमीपणाचें वाटलें. सामना तेथेंच संपला आणि त्या नऊ धांवा कायमच्या राहून गेल्या. निंबाळकरांना पुढें कसोटी सामनाही लाभला नाहीं. हरण्याची लाज खेळाच्या प्रेमाहून मोठी झाली कीं, मैदान असूनही खेळ उरत नाहीं, एवढेंच त्या दिवशीं सिद्ध झालें.

सोलापूरकरांना या सर्व इतिहासांत एक घरचा धागा सांपडतो. पहिल्या महायुद्धानंतरचें सोलापूर हें गिरण्यांचें आणि मागांचें गांव. गिरणीच्या भोंग्यावर दिवस उगवावा आणि भवानी पेठेसारख्या पेठांतून मागांचा खडखडाट ऐकूं यावा, असें तेथील जीवन. या गांवांत कापडाचा व्यवसाय करणाऱ्या एका पारशी कुटुंबांत २८ मार्च १९२६ रोजीं पॉली उम्रीगर यांचा जन्म झाला. पुढें तें कुटुंब मुंबईस गेलें. १९४४ सालीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, ते पारशी संघातर्फें पंचरंगी सामन्यांत उतरले. म्हणजे धर्मावर बांधलेल्या त्या जुन्या सामन्यांची अखेर त्यांनीं पाहिली, कारण १९४६ नंतर ते सामने बंद पडले. १९४८ सालीं उम्रीगर भारताचे कसोटी खेळाडू झाले, पुढें भारताचे नायक झाले आणि १९५५ सालीं हैदराबादेस न्यूझीलंडविरुद्ध २२३ धांवा काढून कसोटींत द्विशतक करणारे पहिले भारतीय ठरले. १९६२ सालीं ते निवृत्त झाले, तेव्हां ५९ सामने, ३६३१ धांवा आणि १२ शतकें हे तिन्ही भारतीय उच्चांक त्यांच्या नांवावर होते. तेथून पुढें ‘पारशांचा उम्रीगर’ असें कोणी म्हणालें नाहीं. जो समाज खेळानें बांधावयाचा होता, तो निदान मैदानावर तरी बांधला गेला होता.

१९६२ सालींच इंग्लंडच्या क्रिकेटनें हौशी आणि पगारी हा जुना भेद मोडण्याचा निर्णय घेतला. आद्याक्षरांचा मान गेला आणि वेगळ्या दारांची गरज संपली. आज क्रिकेट हा कोट्यवधींचा व्यवसाय झालेला आहे. २००८ सालापासून खेळाडूंचे लिलाव होतात आणि त्यांत कोणास लाज वाटत नाहीं. वाटण्याचें कारणही नाहीं. बाळूंना दरमहा चार रुपये देऊन वर दाराबाहेर बसविण्यापेक्षां गुणाचें पुरतें मोल देणें हें केव्हांही चांगलें. पैसा आला म्हणून प्रेम गेलें असें समजणें चूक आहे, आणि पैसा नव्हता म्हणून पूर्वीं सर्व प्रेमच होतें असें समजणें ही त्याहून मोठी चूक आहे. जुन्या काळचा निर्मळ हौशीपणा पुष्कळदां इतरांच्या न झालेल्या प्रवेशावर उभा होता, हें बाळूंच्या मातीच्या भांड्यानें कायमचें सांगून ठेवलें आहे.

मग हौशी माणसाचें काम उरलें कोठें? तें उरलें आहे मैदान राखण्यांत. देवधर १०१ वर्षांचें दीर्घ आयुष्य जगले. खेळणें सुटल्यावरही त्यांनीं निवड समितींत काम केलें, लेखन केलें, नियामक मंडळांत जबाबदारी उचलली. १९६५ सालीं पद्मश्री आणि १९९१ सालीं पद्मभूषण हे मान त्यांना मिळाले. १९७३-७४ च्या मोसमापासून त्यांच्या नांवाचा करंडक सुरूं झाला. २४ ऑगस्ट १९९३ रोजीं पुण्यास त्यांचें निधन झालें, तेव्हां ज्या खेळाला त्यांनीं तिरंगी सामन्यांत पाहिलें होतें, तो जगभर दूरचित्रवाणीवर दिसत होता. त्यांनीं घडविलेल्या मुलांनीं पुढें दुसरीं मुलें घडविलीं. करंडकावर कोरलेल्या नांवापेक्षां ही परंपरा अधिक टिकाऊ आहे.

प्रत्येक शहरांतील मोकळ्या जागा आज झपाट्यानें कमी होत आहेत. सोलापुरासारख्या दाट वस्तीच्या शहरांत पेठेंतील मुलाला चेंडू टाकावयास पंचवीस पावलें जागा मिळणें कठीण झालें आहे. गोल्फच्या कुरणाला कुंपण होतें. क्रिकेटचें मैदान मोकळें होतें, म्हणून बाळू आंत येऊं शकले आणि देवधरांना सोबती मिळाले. जागाच उरली नाहीं, तर पैसे भरूं शकणाराच पुन्हां खेळाडू होईल आणि जुनें दार नव्या चौकटींत परत येईल. शाळेचें पटांगण संध्याकाळीं उघडें ठेवणें, तेथें कोण कोणाचा हें न विचारणें, येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हातीं चेंडूबरोबर कधींतरी बॅटही देणें, हीं कामें बिनपैशाचीं आणि बिनकीर्तीचीं आहेत. म्हणूनच तीं हौशी माणसांचीं आहेत. बाळूंना जें मिळालें नाहीं आणि देवधरांना जें मिळालें, तें दोन्ही एकाच मैदानावर एकाच मुलाला मिळावें, एवढा धडा या इतिहासांतून घेतला तरी पुष्कळ झालें.